बॅटरीलेही ऊन लागते भाऊ!

पडद्याचा रॉड असो की कूलरचा पंप, मिस्त्रीची वाट बघत रविवार वाया घालवायचे दिवस आता गेले. कॉर्डलेस ड्रिल घराघरात पोचलंय. पण ४५ डिग्रीच्या वऱ्हाडात ते चालवायचं कसं आणि टिकवायचं कसं? अमरावती-अकोल्याच्या भिंती, कूलर आणि उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून केलेलं हे खास गाइड...

फ्लॅट मिळाला, डिपॉझिट भरलं, सामान आलं. इथपर्यंत सगळं मस्त! मग लक्षात येतं की पडद्याला रॉड नाही. आरसा भिंतीला टेकून जमिनीवर बसलाय. नवा टीव्ही अजून खोक्यातच आहे. मिस्त्रीला फोन केला की ठरलेलं उत्तर, ‘येतो न ताई, उद्या पक्का येतो.’ हा ‘उद्या’ अमरावतीच्या साईनगरातला असो की अकोल्याच्या गोरक्षण रोडवरचा, तो रविवारी काही उगवत नाही. यात मिस्त्रीची तरी काय चूक? अख्ख्या घराचं काम सोडून आपल्या चार भोकांसाठी तो अर्धा दिवस का मोडेल?

यावर आमच्या जनरेशनने शोधलेला उपाय म्हणजे कॉर्डलेस ड्रिल. बँकेत नोकरी करणारी माझी मैत्रीण, घरूनच आयटीचं काम करणारा शेजारी, झेडपीच्या शाळेवरचे सर, अशा कितीतरी जणांच्या घरी मोबाइलच्या चार्जरशेजारी आता ड्रिलचाही चार्जर दिसतो. मीही गेली तीन वर्षं १२ व्होल्टचं एक मशीन वापरतेय. वायर नाही, एक्स्टेन्शन बोर्डाची शोधाशोध नाही. पिस्तुलासारखं हातात धरायचं, ट्रिगर दाबायचा आणि काम सुरू. फीलिंग एकदम सॉलिड!

पण हौसेने घेतलेलं मशीन दोन उन्हाळ्यांतच धाप टाकायला लागतं, ही तक्रारही मी बऱ्याच जणांकडून ऐकली. फुल चार्ज करूनही तिसऱ्या भोकाला गळाठतं. मग मोटर गेली असेल म्हणून लोक रिपेअरिंगचं दुकान गाठतात. अकोल्यात पॉवर टूल्स दुरुस्त करणाऱ्या एका भाऊंना मी याचं कारण विचारलं. समोरच्या टेबलावर पाच-सहा मशीनं पोट उघडून पडली होती. ते हसून म्हणाले, ‘मशीन नाई मरत ताई, बॅटरी मरते. आन् बॅटरीबी मरत नाई, मारल्या जाते!’

कोण मारतं तिला? त्यांनी नुसतं दाराबाहेर बोट दाखवलं. बाहेर एप्रिलमधली भर दुपार होती.

थोडक्यात काय, तर वऱ्हाडात ड्रिल घ्यायचं असेल तर दोन गोष्टी शिकायला हव्यात. भिंतीत नीट भोक पाडणं आणि बॅटरीला उन्हापासून जपणं. पहिली गोष्ट व्हिडिओ बघून कुणीही शिकतं. दुसरी मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. आणि मॅन्युअल खोक्याबरोबर थेट माळ्यावर जातं!

चंद्रावरही अडकलं होतं!

आधी या मशीनची थोडी कुंडली मांडू. विजेवर चालणारं ड्रिल तसं बरंच जुनं. १८८९ साली मेलबर्नमध्ये आर्थर अर्नोट आणि विल्यम ब्रेन यांनी त्याचं पेटंट घेतलं. हातात धरता येईल असं ड्रिल जर्मनीच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये बनवलं. आज आपल्या ओळखीचं जे रूप आहे, पिस्तुलाची मूठ आणि ट्रिगरवालं, त्याचं पेटंट अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरला १९१७ मध्ये मिळालं. याच कंपनीने १९६१ मध्ये बॅटरीवर चालणारं ड्रिल आणलं.

‘कॉर्डलेस ड्रिल नासाने शोधलं’ असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला सांगा, आधी ड्रिल आलं, मग ते चंद्रावर गेलं. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेत खास चंद्रासाठी बनवलेलं बॅटरीवरचं ड्रिल नेलं होतं. तिथे भोक पाडताना डेव्हिड स्कॉटची चांगलीच दमछाक झाली. जमीन अपेक्षेपेक्षा घट्ट निघाली. मातीचा नमुना घेणारी नळी तर अशी रुतली, की ती उपसायला स्कॉट आणि जिम आयर्विन दोघांनाही जोर लावावा लागला. त्यामुळे तुमचं बिट आरसीसीच्या कॉलममध्ये अडकलं तर लाजायचं कारण नाही!

सुरुवातीच्या ड्रिलमध्ये निकेल-कॅडमियमच्या जड बॅटऱ्या असायच्या. २००५ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी त्यांच्या जागी लिथियम-आयन बॅटरी आणली आणि मशीन हलकं झालं. आपल्या मोबाइलमध्येही याच जातीची बॅटरी असते. ती विकसित केल्याबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चा रसायनशास्त्राचा नोबेल मिळाला. थोडक्यात, तुमच्या हातातल्या पिस्तुलाच्या मुठीत नोबेलवालं रसायन आहे. त्याला जरा मान द्यायला नको?

आकड्यांची भूलभुलैया

दुकानात गेलं की पहिला गोंधळ व्होल्टचा. एका खोक्यावर १८ व्होल्ट, दुसऱ्यावर ‘२० व्होल्ट मॅक्स’. जास्त आकडा म्हणजे जास्त ताकद, असं वाटून आपण दुसरं उचलतो. प्रत्यक्षात दोन्ही एकच! आत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पाच गुणिले ३.६ म्हणजे १८. फुल चार्ज झाल्या झाल्या प्रत्येक सेल चारच्या थोडा वर असतो, म्हणून बेरीज विसाच्या वर दिसते. तसंच १०.८ आणि ‘१२ व्होल्ट मॅक्स’चं. तिथे तीन सेल असतात, इतकंच.

स्वस्तातल्या काही मशीनवर तर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असे दणदणीत आकडे छापलेले असतात. उघडून बघितलं तर आत बहुतेक वेळा तेच पाच सेल निघतात. त्यामुळे आकड्याला भुलू नका. सरळ विचारा, सेल किती आणि एएच किती?

एएच म्हणजे बॅटरीची टाकी. व्होल्ट ही ताकद समजा आणि एएच हे गाडीच्या टाकीतलं पेट्रोल. २ एएचच्या बॅटरीवर जेवढं काम होतं, त्याच्या साधारण दुप्पट ४ एएचवर होतं. पण मशीनही तेवढं जड होतं आणि स्टुलावर उभं राहून हात वर धरायचा असेल तर ते वजन चांगलंच जाणवतं. घरातल्या फुटकळ कामांना १२ व्होल्ट, २ एएच पुरतं. भिंतीत नेहमी भोकं पाडायची असतील तर १८ व्होल्टचं आणि हॅमर मोड असलेलं घ्या.

आणखी दोन शब्द दुकानात कानावर पडतील, ब्रश आणि ब्रशलेस. साध्या मोटरमध्ये कार्बनचे दोन छोटे ब्रश असतात. ते घासून घासून झिजतात आणि बदलावे लागतात. ब्रशलेसमध्ये तेच काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं. घर्षण कमी, उष्णता कमी, एका चार्जमध्ये काम जास्त, आणि अर्थात किंमतही जास्त. महिन्यातून एकदा वापरणाऱ्याने ब्रशवालं घेतलं तरी काही बिघडत नाही.

एक सल्ला मात्र मनावर घ्याच. सुटी बॅटरी त्याच कंपनीची आपल्या शहरात मिळते का, हे आधी विचारा. मशीनच्या किमतीतला मोठा हिस्सा बॅटरीचाच असतो. तीच मिळाली नाही, तर चांगली मोटर असलेलं मशीनही शोपीस होऊन बसतं.

भिंतीला विचारा, तू कोण?

भिंत काय आहे हे कळलं की अर्धं काम झालं. आणि ते कळायला इंजिनीअर व्हावं लागत नाही. बिटमधून पडणारी धूळ बघा! पांढरी असेल तर अजून पुट्टी-पीओपीतच आहात. त्यानंतर प्लास्टरची करडी धूळ येते. मग लाल भुकटी आली की समजा भाजलेली वीट लागली. प्लास्टर संपलं तरी करडीच धूळ येत असेल आणि बिट सहज आत जात असेल तर फ्लाय अॅशची वीट. पारसच्या औष्णिक वीज केंद्राच्या आपल्या अकोला जिल्ह्यात ही राखेची वीट काही नवी नाही. पण धूळ करडी आणि बिट मात्र एक इंचही सरकत नसेल, तर थांबा. तो कॉलम किंवा बीम आहे.

कॉलममध्ये आपलं छोटं मशीन रेटण्यात काही अर्थ नाही. कॉर्डलेसच्या हॅमर मोडमध्ये आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर खडखडतात. विटेला तेवढा मार पुरतो. काँक्रीटला लागतं रोटरी हॅमर. त्यात हवेच्या दाबावर चालणारा हातोडा बिटला ठोसे देतो. असं मशीन भाड्याने घ्या किंवा त्या एका कामापुरतं मिस्त्रीला बोलवा. आत सळई लागली तर तिच्याशी झटापट करू नका, भोकाची जागा बदला.

आपल्याकडची आणखी एक खासियत म्हणजे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर उभ्या घरांच्या भिंतींना बारीक भेगा पडतात. भेगेवर किंवा तिला लागून भोक पाडलं तर प्लास्टरचा पोपडाच हातात येतो. चार बोटं सरकून घ्या.

आता मुख्य रेसिपी. घरगुती कामासाठी ६ मिलिमीटरचं मेसनरी बिट घ्या, म्हणजे टोकाला कार्बाइडचा तुकडा बसवलेलं. गिट्टी, म्हणजे प्लॅस्टिकचा वॉल प्लग, तोही ६ चाच. गिट्टीच्या लांबीपेक्षा थोड्या जास्त अंतरावर बिटला चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळा. पट्टी भिंतीला टेकली की भोक पुरेसं खोल झालं. प्लास्टरचीच जाडी १२ ते २० मिलिमीटर असते. गिट्टी त्याच्या पलीकडे विटेत रुतली नाही, तर महिनाभरात पडदा, रॉड आणि प्लास्टर असा पूर्ण संच खाली येतो!

सुरुवात हळू करा. बिट जागेवर बसलं की हॅमर मोड लावा. मशीन भिंतीशी काटकोनात हवं. जोर खांद्याने लावायचा, रेटारेटी करायची नाही. मधूनमधून बिट फिरतं ठेवूनच बाहेर काढा, म्हणजे धूळ निघून जाते. टाइल असेल तर आधी तिच्यावर चिकटपट्टी लावा, हॅमर बंद ठेवा आणि स्पीड कमी करा. टाइल पूर्ण पार झाली की मगच हॅमर. घाई केली तर टाइलला तडा ठरलेला.

मशीनच्या तोंडाशी आकडे लिहिलेली जी रिंग असते, ती शोभेची नाही. तो क्लच आहे. स्क्रू पिळताना लहान आकड्यापासून सुरू करा. ठरलेला जोर लागला की ‘कट-कट’ आवाज येतो आणि बिट थांबतं. त्यामुळे स्क्रूचं डोकं घासत नाही, प्लायवूड फाटत नाही आणि मनगटही मुरगळत नाही. भोक पाडताना ही रिंग ड्रिलच्या चिन्हावर न्या. मशीनच्या डोक्यावर १ आणि २ लिहिलेलं बटण म्हणजे गिअर. एकवर वेग कमी आणि ताकद जास्त, स्क्रूसाठी. दोनवर वेग जास्त, बारीक भोकांसाठी. गाडीसारखंच, गिअर बदलताना मशीन थांबलेलं हवं.

मेन स्विच बंद, ड्रिल चालू

कॉर्डलेसचा सगळ्यात मोठा फायदा जाहिरातीत फारसा सांगत नाहीत. वायरवालं ड्रिल चालवायचं तर घरात वीज सुरू हवी. कॉर्डलेसला तिची गरज नाही. म्हणजे घराचा मेन स्विच पाडून, भिंतीतल्या सगळ्या वायरी थंड करून तुम्ही आरामात भोक पाडू शकता. २००५ नंतरच्या त्या भारनियमनाच्या वर्षांत विदर्भाने तासन् तास अंधार काढला. तेव्हा हे मशीन घरात असतं तर लाइट जायच्या वेळेलाच आपण सगळी भोकं उरकून घेतली असती!

ही गंमत नाही. आजकाल वायरिंग भिंतीच्या आतून जातं आणि वरून काही दिसत नाही. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ आडवं भोक पाडायचं नाही, हा पहिला नियम. वायर साधारण याच रेषेत धावते. बाथरूम आणि किचनच्या भिंतीत नळाच्या रेषेलाही हाच नियम. बॅटरीचं मशीन आहे म्हणून शॉक लागत नाही, हा गैरसमज डोक्यातून काढा. भिंतीतली वायर २३० व्होल्टची असते आणि बिट लोखंडाचं.

बाकी तयारी साधी आहे. डोळ्यांवर गॉगल हवा, पण उन्हाचा फॅशनवाला नाही, बाजूने झाकलेला. नाकाला मास्क, कारण विटेच्या आणि काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना वाईट. केस बांधलेले, ओढणी बाजूला ठेवलेली. सैल हातमोजे तर नकोच, फिरणारं बिट ते आत ओढून घेतं.

भाड्याच्या घरात मात्र मशीन बाहेर काढण्याआधी घरमालकांना विचारा आणि घर सोडताना भोकं पुट्टीने बुजवून द्या. माझ्या घरमालकीण काकू पहिल्या वेळी दारात उभ्या राहून बघत होत्या. ‘काऊन वं, तूच पाडतं का भोक?’ त्यांचा सूर काळजीचा होता की कौतुकाचा, कळेना. पुढच्या रविवारी त्यांनीच निरोप पाठवला, ‘देवघराच्या बाजूले दोन खुट्या मारून देशील का?’

होळी झाली, कूलर काढा!

पुण्या-मुंबईच्या ड्रिलला जे काम नसतं, ते आपल्याकडे दर मार्चमध्ये असतं. होळी झाली की वऱ्हाडात कूलर खाली उतरतात. नव्या ताट्या, पंपाची तपासणी, गंजलेले स्क्रू, सैल झालेला स्टॅण्ड. एखादी नवी पट्टी बसवायची तर पत्र्यात भोक लागतंच.

पत्र्यासाठी मेसनरी बिट चालत नाही. एचएसएस बिट लागतं. जागेवर आधी खिळ्याने छोटा खड्डा पाडा, नाहीतर बिट पत्र्यावर नाचतं. हॅमर बंद, स्पीड कमी, बिटच्या टोकाला तेलाचा एक थेंब. भोक पडलं की कडेचे धारदार काटे कानसने घासून काढा आणि उघड्या लोखंडावर रंग लावा, नाहीतर एका सीझनमध्ये तिथूनच गंज सुरू होतो.

आता जरा सीरियस होऊ. कूलरचा शॉक लागून कुणाचा जीव गेल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळते. पत्र्याची बॉडी, पाणी आणि वीज एकत्र आल्यावर चुकीला माफी नाही. पंपाची वायर न्यायला भोक पाडलं आणि ती तशीच आतून नेली, तर कूलरच्या थरथरण्याने भोकाची कड वायरचं आवरण कापत राहते. एक दिवस आतलं तांबं पत्र्याला टेकतं आणि अख्खा कूलर करंट मारायला लागतो. म्हणून अशा भोकात रबरी बुश घालायलाच हवं. दहा-वीस रुपयांत मिळतं. काम करताना प्लग काढलेला, टाकी रिकामी. पत्र्याचा कीस मोटरमध्ये किंवा जोडणीत राहिलेला नाही ना, हे बघून मगच प्लग लावा. आणि अर्थिंग आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्याच.

एक हिशेबही लक्षात ठेवा. ६० लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचंच वजन ६० किलो होतं. असा कूलर खिडकीला दोन-चार गिट्ट्यांवर लटकवायचा नसतो. त्याचं वजन जमिनीवर उभ्या स्टॅण्डनेच पेलायला हवं. ड्रिलने भिंतीत धरायचा तो फक्त आधार.

आता बोलू बॅटरीबद्दल

मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ च्या वर गेला होता. मे २०२४ मध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाने महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लावलं होतं. माणसांसाठी दुपारचे नियम निघतात, तिथे बॅटरीची काय कथा?

लिथियम-आयन बॅटरीत उष्णता वाढली की आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात. बॅटरी हळूहळू कमी चार्ज धरू लागते आणि तिचा अंतर्गत अडथळा वाढत जातो. हे नुकसान भरून येत नाही. त्यातही सगळ्यात वाईट कॉम्बिनेशन म्हणजे फुल चार्ज आणि कडक ऊन. शंभर टक्के भरलेली बॅटरी एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य रोज थोडं थोडं कापणं.

बहुतेक कंपन्या मॅन्युअलमध्ये चार्जिंगसाठी वरची मर्यादा ४० ते ४५ डिग्रीच्या आसपास देतात. ५० डिग्रीपर्यंत तापणाऱ्या जागी बॅटरी ठेवू नका, असंही कुठे कुठे लिहिलेलं असतं. आता विचार करा. मे महिन्यात दुपारी तुमच्या बंद कारमध्ये किंवा उन्हात उभ्या स्कूटीच्या डिकीत किती तापमान असेल? बाहेर ४५ असेल तर आत ६० सहज. एकाला ड्रिल दिलं, त्याने डिकीत टाकलं, संध्याकाळी परत आणलं. एवढ्यात बॅटरीचा छळ होऊन गेलेला असतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे काम संपल्या संपल्या गरम बॅटरी चार्जरला लावणं. भोकं पाडताना ती आतून तापलेली असते. चांगल्या चार्जरला हे कळतं. बॅटरीतल्या सेन्सरवरून तो तापमान ओळखतो, दिवा लुकलुकवतो आणि ती निवेपर्यंत चार्जिंग सुरूच करत नाही. आपण मात्र चार्जर बिघडला म्हणून दुकानात फोन करतो! स्वस्तातल्या चार्जरमध्ये ही अक्कल असेलच असं नाही. तिथे ती आपणच दाखवायची. अर्धा तास सावलीत, पंख्याखाली राहू द्या. पण फ्रिजमध्ये ठेवून थंड करू नका, आत ओल धरते.

आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी अकरानंतर कुणी बाहेर पडत नाही, पहाटेच सगळं उरकतात. बॅटरीलाही तेच वेळापत्रक लावा. चार्जिंग पहाटे किंवा रात्री उशिरा, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत. पण कूलरच्या थेट झोतात नाही, तिथे ओलसर हवा असते.

आणि तो जुना सल्ला, ‘बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज कर’? तो आपल्या काकांच्या निकेल-कॅडमियमचा होता. लिथियमला अर्ध्यावर चार्ज केलं तर काही होत नाही, उलट तळाला नेऊन टाकलं तर त्रास होतो. मशीन मंदावलं की थांबा. महिना-दोन महिने काम नसेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवा, मशीनमधून काढून. चार्जरलाही लावून ठेवू नका. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा, अगदी उतरली असेल तर पुन्हा निम्मी भरा.

पाच मिनिटांची सेवा

बाकी मेंटेनन्स म्हणाल तर पाच मिनिटांचा. प्रत्येक मोठ्या कामानंतर बॅटरी काढा आणि मगच हात लावा. मोटरच्या बाजूच्या जाळीत धूळ बसते, ती जुन्या टूथब्रशने झटका. ही जाळी म्हणजे मशीनचं नाक. ते बंद झालं की मोटर तापते. चक पूर्ण उघडून, तोंड खाली करून हलकं ठोका, आतली भुकटी पडते. बॅटरीचे पितळी पॉइंट कोरड्या फडक्याने पुसा. पाणी कुठेच नको.

तेल? फक्त बिटला. शिवणयंत्राच्या तेलाचं एक बोट फिरवलं की पावसाळ्यात गंज चढत नाही. मोटरमध्ये तेल सोडायचं नाही, गिअरचं ग्रीस कंपनीने भरलेलं असतं. बोथट बिट मात्र निर्दयपणे फेका. बोथट बिटने जोर लावला की मोटर तापते, बॅटरी तापते आणि भोकही वाकडं पडतं. वीस-तीस रुपयांच्या बिटसाठी हजारोंची बॅटरी जाळायची, हा कुठला फंडा?

जाळीतून जास्तच ठिणग्या दिसायला लागल्या, करपल्यासारखा वास आला किंवा मशीन अडखळत सुरू झालं, तर ब्रश झिजले असतील. ते बदलणं स्वस्त काम आहे. पण बॅटरी फुगली असेल, तिच्यावर भेग असेल किंवा पडल्यावर ती आपोआप गरम होत असेल, तर तिला पुन्हा चार्ज करायचं धाडस नको. आग लागू शकते.

मेलेली बॅटरी घंटागाडीतही टाकायची नाही. कचऱ्यात ती दबली, चिरली तर पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली आहे. बॅटरीवर काट मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं ना, त्याचा अर्थ हाच. पॉइंटवर चिकटपट्टी लावा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

वऱ्हाडी टाइमटेबल (कापून फ्रिजवर लावा!)

फेब्रुवारी-मार्च : कूलरचा सीझन. एचएसएस बिट, रबरी बुश आणि कानस आणून ठेवा. प्लग काढूनच काम.

एप्रिल ते जून : भोकं पहाटे पाडा, चार्जिंगही पहाटे. डिकीत आणि कारमध्ये बॅटरी नाही. काम नसेल तर निम्मी भरून आतल्या खोलीतल्या कपाटात.

जुलै ते सप्टेंबर : बिटना तेल, मशीन कोरड्या पिशवीत. ओल आलेल्या भिंतीला सध्या हात लावू नका, गिट्टी धरत नाही.

ऑक्टोबर ते जानेवारी : खरा सीझन! दिवाळीच्या साफसफाईबरोबर राहिलेली सगळी कामं याच काळात उरकून घ्या. हवा थंड, बॅटरी खूश.

आणि हो, मिस्त्रीचा नंबर मात्र डिलीट करू नका. कॉलम लागला की शेवटी तोच आठवतो!